मानाच्या ताटातली जिलेबी

आमच्या वाशीम जिल्ह्यात माणूस उपाशी राहिलेला चालतो, टोपीवाचून राहिलेला चालत नाही. टोपी म्हणजे लग्नात माईकवरून नाव पुकारून पाहुण्याच्या डोक्यावर घालतात ती पांढरी टोपी. सोबत खांद्यावर टॉवेल. टोपी इतकी विरविरीत की तिच्यातून चहा गाळावा, आणि टॉवेल असा की अंग कोरडं व्हायच्या आधी टॉवेलच विरघळावा. पण या दोन चिंध्यांपायी सख्खे भाऊ वेगळे झालेले मी पाहिले आहेत. एका गावात तर टोपी आधी कोणाला यावरून दोन घरांनी सामाईक विहीर मधोमध वाटून घेतली आणि तिच्यातल्या बेडकांनाही कुठल्या तरी एका बाजूला जावं लागलं, असं सांगतात. ते बेडूक मी पाहिलेले नाहीत. पण ती माणसं पाहिली आहेत, त्यावरून बेडकांचं खरं असावं.

याला आम्ही मानपान म्हणतो. आणि मला त्याची अशी चीड आहे की उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर तवा ठेवला तर भाकरी भाजून निघेल.

अदब, सभ्यता, स्त्रीदाक्षिण्य हे शब्द मी आजवर फक्त माईकवर ऐकले. माईकवरून खाली उतरले की ते कुठं जातात कोण जाणे. मानोऱ्याहून कारंजाला जाणाऱ्या एसटीत तर ते चढत नाहीत. 'स्त्रियांसाठी राखीव' या पाटीखालच्या बाकावर बसला की आमच्या गड्याला तत्काळ झोप लागते. घरी गादीवर रात्रभर कूस बदलणारा माणूस तिथं कसा लाकडासारखा पडतो! असाच एक झोपलेला मी गदागदा हलवला, त्याच्या कानाशी स्टीलचा डबा वाजवला, काही उपयोग नाही. शेवटी वाकून हळूच म्हटलं, "भाऊ, तुमची म्हैस सुटली." ताडकन उठला. मी बसले. कारंजा येईपर्यंत तो माझ्या डोक्यावर उभा राहून बोलत होता, "तिकीट अर्धं काढता अन् सीट पुरी पायजे तुमाले!"

उलट शेलूबाजारच्या चौकात एक जीपवाला होता. तोंडात शिव्या अशा की रस्त्याकडेच्या बाभळींचे काटे गळून पडावेत. पण अंगावर पाजतं लेकरू असलेली बाई दिसली की पुढच्या सीटवर बसलेल्या इस्त्रीच्या पुढाऱ्यालाही तो मागं हाकलायचा. "उतर बे. मागं जा. तुया मांडीवर लेकरू हाय का?" संपलं. त्याला कोणी कधी टोपी घातली नाही. घालायला गेले असते तर टोपीलाही त्यानं एक शिवी हासडली असती.

आता त्या लग्नाचं सांगते.

मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. पुतण्या म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा मुलगा, म्हणजे नवरी माझ्या जावेची नात. जावेला मी बाई म्हणते, ती मला धाकटी म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या बोलण्याचा मारा माझ्यावर यायचा आणि ही मध्ये उभी राहून तो स्वतःच्या अंगावर घ्यायची. अंगानं म्हणाल तर काडी. वावटळ सुटली की आम्ही तिला आधी घरात घेतो, नाहीतर कारंजाच्या धान्यबाजारात जाऊन उतरायची. पण रीतभात पाळण्यात मात्र तिच्यापुढं डोंगर हलका. दारी पाहुणा उभा असताना या बाईनं त्याच्या आधी पाण्याचा घोट घेतला, असं कोणी दाखवून द्यावं, मी माझं नाक कापून त्याच्या हातावर ठेवीन.

तिला साखरेचा आजार आहे. जेवायच्या आधी इन्शुलिनची सुई पोटात टोचून घ्यावी लागते. आणि एकदा सुई घेतली की थोड्या वेळात जेवलंच पाहिजे. नाही जेवलं तर अंगातली साखर घसरते, घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस भलतंच बरळतो, आणि तरीही पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेततं. डॉक्टरनं हे तिला, तिच्या मुलाला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं. आमच्या घरातल्या मांजरालाही ते पाठ झालं होतं.

लग्न शेलूबाजारच्या अलीकडं हायवेला लागून असलेल्या एका लॉनवर. लॉन आपलं म्हणायचं. गवत शोधायला तिथं गाय सोडली असती तर ती रडत परत आली असती. वर पत्रे, खाली फरशी, बाजूला चार कूलर, ते गरम हवा गोळा करून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर सोडत होते. आणि माईकवाला! पुतण्यानं खास मागवलेला. जन्मला तेव्हा नाळेऐवजी याला वायरच असावी. नवरीच्या पैंजणापासून सभापतीच्या मिशीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडं चार ओळी तयार.

अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि माईकवाला गरजला, "भोजन तयार आहे! मानाची पंगत लगेच बसत आहे!"

त्याच्या 'लगेच'वर माझ्या जावेनं विश्वास ठेवला. आडोशाला जाऊन तिनं सुई घेतली, पदर डोक्यावर सारखा केला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"घेतली व धाकटे सुई," म्हणाली. "मानाची पंगत उठली का आपण बसू."

आणि तिथून टोप्या सुरू झाल्या.

आधी सभापती, मग माजी सभापती, मग ज्यांना सभापती व्हायचं आहे ते. सरपंच, उपसरपंच, सरपंचाचे साडभाऊ. टोप्यांचा गठ्ठा असा उपसत होते की वाटावं, खाली झरा लागलाय. शेवटी नवरदेवाच्या घरचे जावई. ते दोन होते. थोरल्या बहिणीचा नवरा थोरला जावई, धाकट्या बहिणीचा धाकटा. माईकवाल्यानं पुकारलं ते धाकट्याचं नाव आधी. झालं! त्याच्या डोक्यावर टोपी टेकली आणि मंडपातली हवा थांबली. कूलरची पातीसुद्धा क्षणभर अडखळली असावीत.

थोरला जावई पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेला. चार शब्द बोलला असता तर बरं. तो उठला, शर्ट खाली ओढला, मंडपातून बाहेर गेला आणि आपल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसला. काचा वर. एसी चालू.

आता रीत अशी की वरपक्षाचा थोरला जावई पानावर बसल्याशिवाय पंगतीत कोणी घास उचलत नाही. पाहुण्यांनी घास उचलल्याशिवाय मुलीकडच्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि मुलीकडच्या बाया तर सगळ्यांच्या शेवटी, पातेली खरवडायचा आवाज यायला लागला की. म्हणजे या माणसाच्या गाडीच्या काचेमागं सबंध मंडपाची पोटं अडकली होती. मानाच्या टेबलावर त्याचं ताट मात्र आधीच वाढून ठेवलेलं. भोवती रांगोळी, बाजूला उदबत्ती, ताटात जिलेब्यांची चवड, वाटीत बासुंदी. शेजारी खुर्ची, खुर्चीवर लाल मखमली कपडा. गावातल्या शाळेला नाही एवढी त्या खुर्चीची देखभाल.

गाडीकडं माणसं जायला लागली. आधी नवरीचा बाप गेला, मग नवरीचा मामा, मग नवरदेवाचा बाप, मग तो बिचारा धाकटा जावई डोक्यावरची टोपी हातात घेऊन. प्रत्येक जण काचेशी वाकायचा, हात जोडायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि परत यायचा. लांबून असं दिसत होतं की गाडीत देव बसलाय आणि दर्शनाची रांग चालू आहे.

इकडं माझ्या जावेच्या कपाळावर घाम आला. उन्हाचा असेल म्हणून मी पदरानं पुसला. परत आला. तिचा हात हातात घेतला तर बर्फ. एवढ्या उन्हात बर्फ! मी उठले, आचाऱ्याच्या पातेल्यातून दोन जिलेब्या पदराआड घेऊन आले आणि तिच्या तोंडापुढं धरल्या.

"खा बाई, गुपचूप."

तिनं तोंड फिरवलं. "पाव्हणे उपाशी अन् मी खाऊ? काय म्हनतीन पोट्टीच्या सासरचे?"

"कोनी नाई पाहून राह्यलं."

"एकजन तरी पाह्यतेच, धाकटे. उद्या पोट्टीले जल्मभर आयकाव लागीन, तुई आजी जवायाच्या आधी जेवली म्हून."

"अन् तुमी इथीच मेल्या तं?"

"मेलं तं मेलं. टोमना तं नाई बसनार."

हे ती हसत म्हणाली. मला त्या हसण्याचा आजही राग येतो.

मी तरातरा गाडीपाशी गेले. काच वाजवली. ती दोन बोटं खाली आली. आतून गार वारा आणि अत्तराचा वास.

"जवाईबापू, नवरीच्या आजीनं सुई घेतली हाय साखरेची. जेवाव लागते तिले. लय खराब होऊन राह्यलं."

"मंग जेवा न," तो समोर बघत म्हणाला. "मी कुठी अडवलं?"

"तुमी बसल्याबिगर कोनी जेवून नाई राह्यलं."

"काहून? आमी कोन? आमच्याबिगर टोप्या होते तुमच्या, तं जेवन बी होईन."

काच वर गेली. एवढ्या सभ्यपणे माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. आवाज चढला नाही, शिवी नाही, अहोजाहो सगळं जागच्या जागी. त्या जीपवाल्याची एखादी शिवी या सभ्यपणापुढं मी देव्हाऱ्यात ठेवली असती.

परत येताना पुतण्या भेटला. घामानं त्याचा फेटा सुटून गळ्यात आला होता. मी म्हटलं, "तुया आईचं काई खरं नाई. आधी तिले जेऊ घाल."

"काकू, पाच मिन्टं. येऊन राह्यले ते. मामा समजावून राह्यले. आईले म्हना, दम धर."

"दम सुटून राह्यला तिचा!"

"मंग मी काय करू?" तो रडायच्या बेतात. "वरात वापस गेली तं? तुमी सांगा काय करू!"

माझा नवरा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "बायायनं मधात पडू नये." सभापती उभे होते, ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि वर मांडवात त्या माईकवाल्याला मोकळा वेळ मिळालेला. तो नारीशक्तीवर घसरला होता. नारी ही घराचा दिवा आहे, नारी ही अन्नपूर्णा आहे, ज्या समाजात नारीचा सन्मान होतो तो समाज पुढं जातो. टाळ्या! टाळ्या वाजवणाऱ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण टाळ्या जोरात. आणि त्या आवाजाखाली, कूलरच्या गरम वाऱ्यात, एक अन्नपूर्णा खुर्चीवरून घसरत होती.

मी पोचले तेव्हा तिचं लुगडं घामानं ओलंचिंब झालेलं. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. मी हाक मारली तर म्हणाली, "आत्याबाई, चूल पेटवली मी." आत्याबाई आम्ही आमच्या सासूला म्हणायचो. सासू जाऊन किती पावसाळे झाले. जिलेबी तोंडाशी नेली तर दातखीळ बसल्यासारखे ओठ मिटलेले. शुद्ध गेली, सगळं गेलं, पण पाहुण्याच्या आधी खायचं नाही हे तेवढं तिच्या दातांच्या आत पक्कं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पदरातली जिलेबी तिच्यासाठी चोरीची होती. तिला मांडलेलं पान दिसायला हवं. मंडपात मांडलेलं पान एकच होतं.

मी तिला काखेत हात घालून उचललं. वजन काय, ओल्या लुगड्याचंच जास्त. मानाच्या टेबलाशी नेलं, लाल मखमलीवर बसवलं आणि तिच्या कानात जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले. आणि लहानसहान खोटं मी रोज बोलते, म्हणजे हे केवढं असेल ते समजून घ्या.

"बाई, जवाई जेवले. सगळे पाव्हणे जेवून हात धुऊन गेले. पाहा, तुमचं पान वाढलं."

तिनं ताटाकडं पाहिलं. रांगोळीकडं पाहिलं. "जेवले?"

"हाव. पोटभर."

"पान खाल्लं?"

"दोन-दोन खाल्ले."

तेव्हा कुठं तोंड उघडलं. मी जिलेबी कोंबली, बासुंदीची वाटी ओठाला लावली, परत जिलेबी. पाक तिच्या हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून लुगड्यावर. चौथ्या की पाचव्या घासाला तिनं स्वतः चावायला सुरुवात केली. हाताचा बर्फ हळूहळू विरघळायला लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला कळलं, की आजूबाजूचा सगळा आवाज बंद झालाय.

थोरले जावईबापू मंडपाच्या तोंडाशी उभे होते. समजूत पटली होती. त्यांच्या मागं दोन्हीकडचे पुरुष, प्रत्येकाच्या तोंडावर लढाई जिंकल्याचा आनंद, आणि पुढं त्यांच्या खुर्चीवर त्यांच्या ताटात एक म्हातारी बाई पाकानं माखलेल्या तोंडानं जेवतेय. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा आमच्याकडं वळवला. ड्रोनवाल्यानं ड्रोन खाली आणलं. त्याच्या वाऱ्यानं उदबत्ती विझली.

"हे काय?" जावई म्हणाला.

"ताट उष्टं केलं," मागून कोणीतरी म्हणालं.

"मुद्दाम केलं," दुसरा.

"आधी टोपी, आता ताट! चला उठा, कोनी थांबाचं नाई इथी!" तिसरा. वरपक्षाच्या खुर्च्या खरडल्या. पुतण्यानं दोन्ही हात जोडले, मामानं टोपी काढली, नवरीनं स्टेजवर तोंड झाकून घेतलं.

त्या सबंध मंडपात, शपथेवर सांगते, म्हातारीला काय झालं असं एकानंही विचारलं नाही. ताटाला काय झालं ते सगळ्यांनी विचारलं.

मग मी ओरडले. मी ओरडले की आमच्या गल्लीतली कुत्री गाव सोडतात, ही माझी ख्याती. त्या दिवशी हायवेवरच्या ट्रकवाल्यांना वाटलं, मागून अॅम्ब्युलन्स आली. त्यांनी ट्रक बाजूला घेतले. मी म्हटलं, "जित्ती बाई मरून राह्यली अन् तुमाले ताट दिसते का? एसीत बसून रुसता, तुमाले मान पायजे? अन् तुमी सारे," मी आमच्याकडच्या पुरुषांकडं वळले, "तुमी काचेपाशी वाकता वाकता एकदा तरी हिच्याकडं पाह्यलं का? अन् तू रे माईकवाल्या! नारीशक्ती! हे पाह्य नारीशक्ती, घामानं भिजली हाय, पूस हिचं तोंड तुया टॉवेलनं!"

माईकवाल्याच्या हातून माईक सुटला. तो कुईं करून किंचाळला, आणि त्या किंचाळण्यात माझं पुढचं बोलणं बुडालं. चांगलेच असतील शब्द, मला स्वतःला आठवत नाहीत.

जावई तसाच उभा. त्याच्या मानेची शीर उडत होती. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, आणि मी तयार होते. मला तेच हवं होतं.

पण तेवढ्यात माझी जाऊ उठली. साखर चढली होती, नजर जागेवर आली होती. तिनं आधी ताटाकडं पाहिलं, मग खुर्चीकडं, मग समोर उभ्या पुरुषाकडं, आणि तिला सगळं कळलं. तिनं पदरानं तोंडाचा पाक पुसला. डोक्यावर पदर ओढला. टेबलाला धरत धरत बाहेर आली आणि आपल्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाच्या पायाशी वाकली.

"चुकलं बापू," म्हणाली. "म्हातारपन हाय. भूक नाई आवरली. पोट्टीवर राग नोका काढू."

भूक नाई आवरली!

आणि त्यानं वाकू दिलं. त्यानं पाय मागं घेतला नाही, तिला खांद्याला धरून उठवलं नाही. वाकून होईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "असू द्या, असू द्या. होते कधी कधी."

"बहोत बडा दिल!" सभापती म्हणाले. माईकवाल्याला माईक सापडला. "पाहा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा! हीच आपली संस्कृती, हेच आपले संस्कार! जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या वाजल्या. माझ्या नवऱ्यानं वाजवल्या. थोरल्या जावयाला टोपी घातली, दोन टॉवेल घातले, नवीन ताट आणलं, नवी रांगोळी काढली. तो जेवला. म्हणे जिलेबी थोडी नरम पडली होती.

बायांची पंगत बसली तेव्हा वांग्याच्या भाजीत वांगं औषधाला उरलं नव्हतं. माझी जाऊ त्या पंगतीत बसली नाही. "मायं झालं," म्हणाली, जणू तिचंच काही चुकून जास्त झालं होतं. परतीच्या टेम्पोत ती माझ्याशी बोलली नाही. घराशी उतरताना एवढंच म्हणाली, "तू मायाशी खोटं बोलली, धाकटे. पाव्हन्यायचं नाव घेऊन खोटं बोलली." आणि आत गेली.

लोक मला विचारतात, मंग काय झालं? घरच्यांना समजलं का? समजलं तर. फार चांगलं समजलं. पुढच्या हंगामात कारंजाला पुतण्याच्या साल्याकडं लग्न होतं. सकाळी मी सुईची डबी पिशवीत घालायला गेले तर पुतण्या म्हणाला, "राहू द्या काकू. आता लग्नाच्या दिवशी आईले सुईच द्याची नाई, ठरवलं आमी. सुई नाई तं घाई नाई."

सगळ्या कर्त्या पुरुषांनी डोकी एकत्र केली, आणि त्यांतून हे निघालं. एक ताट आधी वाढायचं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. औषध बंद करायचं आलं. मी त्याच्यावर धावून गेले तेव्हा आतून जावेचा आवाज आला, "त्याले कायले बोलतं? मीच म्हनलं त्याले."

त्या लग्नात ती सुईवाचून बसली. तोंड कोरडं पडून सारखी पाणी मागत होती, डोळ्यांवर झापड, रंग मातकट. सगळे खूश. "पाहा, काई लफडं झालं नाई." दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, साखर आभाळाला टेकली होती. डॉक्टर पुतण्यावर असा कडाडला की बाहेर बसलेले दोन पेशंट आपापला आजार तिथंच सोडून घरी गेले.

मी तिच्यावरही रागावले आहे. इतकी वर्षं माझ्या वाट्याचं बोलणं जिनं खाल्लं, तिच्यावर. जावयावर रागावणं सोपं आहे, तो दिसायलाच रागावण्यासारखा. पण ही बाई स्वतःच्या भुकेची माफी मागते आणि मग त्या भुकेची सोय लावण्यासाठी औषध सोडते, तिच्यावर कसं रागवायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून मी वेडंवाकडं रागावते.

दवाखान्यातून आल्यावर एका दुपारी मी तिच्या घरी गेले. पुरुषमंडळी वावरात होती, यायला वेळ होता. तिनं सुई घेऊन ठेवली होती आणि चुलीपुढं बसून राहिली होती, ते आले की वाढीन म्हणून. मी दोन ताटं घेतली, भाकर, वरण, ठेचा वाढला. एक तिच्यापुढं सरकवलं, एक माझ्यापुढं.

"ते येतीन आता," ती म्हणाली.

"येऊ द्या."

"त्यायच्या आधी कसं जेवाव?"

"तोंडानं," मी म्हटलं. "अन् तुमी नाई जेवल्या तं मी बी नाई. बसून राह्यतो दोघीजनी. मेलो तं सोबत मरू, टोमना बी सोबतच बसीन."

मी ताटाला हात लावला नाही. भाकरीवर माशी बसली, मी ती उडवली, ती परत बसली. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला, तिनं कान टवकारले, तो पुढं निघून गेला. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. मला वाटलं, आता ताट उचलून झाकून ठेवणार.

तिनं जाऊन दाराला आतून कडी लावली. परत येऊन बसली, भाकर मोडली, आणि दाराकडं बघत बघत जेवायला लागली.